आधी बर्फ ठरवा, मग जहाज

पाण्यावरची वाट : लेखांक 4

मागच्या आठवड्यात आपण भूमध्य समुद्रातली सफर पाहिली. तिथे जहाज म्हणजे रात्री झोपवून सकाळी नव्या गावात उतरवणारी सोय. खरं आकर्षण बंदरांचं. अलास्काचं गणित उलटं आहे. सात रात्रींच्या सफरीतला सर्वांत मोलाचा दिवस तो, ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. सकाळी ते एका लांबलचक खाडीत शिरतं, हिमनदीच्या तोंडाशी जाऊन तासभर थांबतं आणि संध्याकाळच्या सुमारास बाहेर पडतं. दिवसभर जमिनीला पाय लागत नाही. तरी परत आल्यावर लोक ज्याबद्दल बोलत राहतात, तो हाच दिवस.

गंमत म्हणजे माहितीपत्रकात हाच दिवस शोधून काढावा लागतो. जहाजाचं नाव ठळक, तरणतलाव ठळक, नाट्यगृह ठळक. आणि खाली मार्गाच्या तक्त्यात कुठल्या तरी दिवसापुढे बारीक अक्षरांत ‘ग्लेशियर बे’, ‘हबर्ड’, ‘एंडिकॉट आर्म’ किंवा नुसतंच ‘ग्लेशियर व्ह्यूइंग’ असं लिहिलेलं. नवख्या माणसाला वाटतं, बर्फ तो बर्फ, कुठला का असेना. पण तसं नाही. म्हणून माझा सल्ला असा की आधी बर्फ ठरवा. महिना, बंदर, व्हिसा, केबिन हे सगळं त्याच्या मागून येतं, आणि जहाज कुठलं हा प्रश्न सर्वांत शेवटी.

पहिल्या सफरीसाठी माझं मत ग्लेशियर बेला. हे अमेरिकेचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1980 पासून, आणि त्यात एका दिवसात जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. परवाने मोजक्याच कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे काही नावाजलेली, चकाचक जहाजं तिथे फिरकतही नाहीत. पत्रकात ‘ग्लेशियर बे नॅशनल पार्क’ असे शब्द नसतील तर ते जहाज तिथे जात नाही असं खुशाल समजावं.

ही खाडी मुळात खाडीच नव्हती, हे तिचं खरं नवल. 1794 मध्ये जॉर्ज व्हँकूवरच्या मोहिमेतली माणसं इथून गेली तेव्हा त्यांना किनाऱ्यात एक लहानशी खोबण आणि तिच्या मागे बर्फाची प्रचंड भिंत दिसली. 1879 मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर ती भिंत सुमारे 75 किलोमीटर आत सरकली होती. आज मुखापासून टोकापर्यंत जहाज जवळजवळ 105 किलोमीटर आत जातं. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी जिथे शेकडो मीटर जाडीचा बर्फ होता, तिथून आपण कॉफीचा कप हातात धरून चाललेलो असतो. आणि त्याही आधी इथे वस्ती होती. हूना त्लिंगिट लोकांची गावं या खोऱ्यात होती. बर्फ पुढे सरकत आला तसं त्यांना घरदार सोडून निघावं लागलं. पुढे बर्फ हटला, पण परतीची वाट सोपी नव्हती. खाडीतल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं ते थेट 2016 मध्ये. बर्फ वितळण्याच्या आजच्या चर्चेत ही दुसरी बाजू, माणसांवर चालून आलेला बर्फ, सहसा कोणी सांगत नाही.

त्या दिवशी लवकर उठा. खाडीच्या तोंडाशी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येतात आणि चालत्या जहाजाच्या कुशीला सोडलेल्या शिडीवरून वर चढतात. ते पाहण्यासारखं असतं. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावरून त्यांचं निवेदन चालू राहतं. साउथ मार्बल बेट जवळ आलं की खडकांवर लोळणारे समुद्रसिंह दिसतात, आणि वारा आपल्या दिशेने असेल तर दिसण्याआधी वास येतो. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच कड्यावर नारिंगी चोचीचे पफिन. पुढे ग्लूमी नॉब नावाचा करडा, उघडाबोडका सुळका लागतो. त्यावर पांढरे ठिपके दिसले आणि ते हलले तर त्या पहाडी शेळ्या. नाही हलले तर बर्फ.

टोकाला मार्जरी हिमनदी. लांबी सुमारे 34 किलोमीटर, तोंडाची रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास, आणि पाण्यावर उभी असलेली भिंत साधारण 75 मीटर. आकडे वाचून काही कळत नाही, कारण तिथे मोजायला झाड नाही, माणूस नाही. भिंतीच्या पायथ्याशी उडणारे समुद्रपक्षी दिसले की मग एकदम अंदाज येतो. तिच्या भेगांमधला रंग निळा असतो, शाईसारखा. बर्फ वर्षानुवर्षं दाबला जाऊन त्यातली हवा निघून जाते; असा घट्ट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा बाहेर टाकतो. ढगाळ दिवशी हा निळा जास्त खुलतो. आकाश भरून आलं म्हणून हिरमुसून केबिनमध्ये बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बर्फाचा कडा तुटताना पाहायचा असेल तर आवाजाच्या मागे धावू नका. जहाज अर्धा-एक किलोमीटर दूर असतं, आवाज पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. गडगडाट ऐकून मान वळवाल तोवर ढलपा पाण्यात गेलेला असतो. त्यापेक्षा भिंतीचा एकच तुकडा निवडा, जिथून बारीक खडे झरताहेत असा, आणि त्यावरच नजर ठेवा. मोठा कडा कोसळण्याआधी बहुधा असे खडे झरतात. शेजारी उजवीकडे एक काळपट, मातीने माखलेला उतार दिसेल. कोणी त्याचा फोटो काढत नाही. पण ती ग्रँड पॅसिफिक हिमनदी, ही सगळी खाडी कोरणारा बर्फ तिच्याच घराण्यातला.

ग्लेशियर बे मिळत नसेल तर हबर्डला मी कमी लेखणार नाही. उत्तर अमेरिकेतली समुद्राला भिडणारी ती सर्वांत मोठी हिमनदी, सुमारे 122 किलोमीटर लांब, आणि आजही पुढे सरकणाऱ्या थोड्यांपैकी एक. 1986 आणि 2002 मध्ये तिने पुढे येऊन शेजारच्या रसेल फ्योर्डचं तोंडच बुजवून टाकलं होतं. अडचण एवढीच की तिच्यासमोर तरंगत्या बर्फाचा खच असतो आणि कप्तानाला कधी कधी बरंच दूर थांबावं लागतं. एंडिकॉट आर्म आणि ट्रेसी आर्म हे अरुंद, उंच कड्यांचे फ्योर्ड. सुंदर आहेत, पण तिथेही बर्फ वाट देईल तेवढंच. शिवाय ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट 2025 मध्ये मोठी दरड कोसळून लाटा उसळल्या, तेव्हा पत्रकात ते नाव असेल तर ताजी स्थिती विचारून घ्या. ‘ग्लेशियर व्ह्यूइंग’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र नक्की कुठे, ते लेखी मागावं.

आता महिना. हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. मे महिन्यात भाडं कमी, पाऊस कमी, डोंगरांवर भरपूर बर्फ. पण अस्वलं तुरळक. जुलै-ऑगस्टमध्ये सामन मासे ओढ्यांतून वर चढू लागतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात, म्हणून गर्दी आणि भाव दोन्ही तेव्हाच चढतात. सप्टेंबर स्वस्त, पण ओला. वाटेवरच्या केचिकन बंदरात वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या रत्नागिरीएवढा. फरक इतकाच की तो चार महिन्यांत उरकून घेत नाही, बारा महिने पुरवून पुरवून पडतो. सप्टेंबरचा एक फायदा मात्र आहे. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स ही शाखा 1 मे ते 31 ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असते, कारण तिथल्या बर्फाच्या लाद्यांवर सील माद्या पिलं घालतात. सप्टेंबरमध्ये ती खुली होते. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने जूनची निवड करावी असं मला वाटतं: जुनो बंदरात अठरा तासांचा उजेड, देवमासे आलेले, आणि सुट्ट्यांची गर्दी अजून पुरती भरात आलेली नसते.

देवमाशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, जहाजावरून ते दिसतात, पण लांबून: धुक्याचा एक फवारा, काळी पाठ, संपलं. जवळून पाहायचे तर जुनोला किंवा आइसी स्ट्रेट पॉइंटला उतरून छोटी बोट घ्यावी. हे हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात असतात, तिथे जवळजवळ काही खात नाहीत, आणि उन्हाळ्यात साडेचार हजार किलोमीटर पोहून इथे पोट भरायला येतात. (आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, संख्येने अगदी थोडे, आणि ते असं स्थलांतर करत नाहीत.) नशीब असेल तर त्यांची टोळी-शिकार दिसते. पाण्याखाली हेरिंगच्या थव्याभोवती ते बुडबुड्यांचं कडं सोडतात. वर आधी काहीच दिसत नाही, फक्त समुद्रपक्षी एका जागी कलकलाट करत जमू लागतात. मग पाण्यावर बुडबुड्यांचं वर्तुळ उमटतं आणि त्याच्या मधोमध पाच-सहा आ वासलेले जबडे एकदम वर येतात. बोटवाल्यांना देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर दूर राहण्याचा नियम आहे. जो बोटवाला त्याहून जवळ नेण्याची हमी देतो, त्याच्याकडे जाऊ नये.

नियम उगाच आलेले नाहीत. 2001 मध्ये ग्लेशियर बेजवळ एका क्रूझ जहाजाच्या धडकेने ‘स्नो’ म्हणून ओळखली जाणारी गाभण मादी मेली. तिचा जवळजवळ चौदा मीटरचा सांगाडा आज बार्टलेट कोव्हला मांडलेला आहे. मोठी जहाजं तिथे लागत नाहीत, म्हणून क्रूझचे प्रवासी तो पाहत नाहीत. जहाजाचा वेग खाडीत मंदावला की कुरकुरणाऱ्या सहप्रवाशाला ही हकीकत जरूर सांगा. देवमाशांच्या पट्ट्यात 13 नॉटची मर्यादा घातली जाते.

जुनोची मेंडेनहॉल हिमनदी बसने जाऊन पाहता येते आणि पाहावीही, पण ती समुद्राची हिमनदी नव्हे. ग्लेशियर बेच्या ऐवजी ती म्हणजे दुधाची तहान ताकावर. शिवाय ती झपाट्याने मागे हटते आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला साठलेलं पाणी फुटून 2023 पासून सलग तीन ऑगस्टमध्ये गावात पूर आला आहे.

केबिनचं फार डोकं चालवू नका. हिमनदीसमोर जहाज गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दर्शन होतं, आणि खरी जागा केबिन नसून पुढचा उघडा डेकच. बाल्कनी आणि देवमाशांची बोट यांत एकच परवडत असेल तर बोट घ्या, केबिन आतली चालेल. अपवाद गुडघे दुखणाऱ्यांचा. त्यांना बाल्कनी खरंच सुखाची. कपडे एकावर एक चढवता-उतरवता येतील असे, सर्वांत वर पाणी न झिरपणारं जाकीट. हवा दहा-पंधरा अंशांची असली तरी बर्फावरून येणारा वारा कानटोपी मागतो. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावं, जहाजावर चढल्यावर नव्हे.

आणि आता जिथे आपल्याकडच्या लोकांचं घोडं हमखास अडतं तो भाग. मुलं अमेरिकेत, आईवडील सहा महिन्यांसाठी गेलेले, मुलगी उत्साहाने सिॲटलहून सिॲटल अशी सफर काढते. सगळं अमेरिकेतच आहे, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. पण 1886 च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतूनच निघून अमेरिकेतच परतणारे प्रवासी नेताना वाटेत परक्या देशाचं बंदर घ्यावंच लागतं, आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीची. म्हणून सिॲटलचं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, बहुधा संध्याकाळचे काही तास. तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. खाली उतरायचं नसलं तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही, त्यामुळे मुलीला ती माहीतच नसते, आणि आईवडिलांना बंदरावरून परत पाठवलं जातं. एच-वन-बीवाल्यांनाही कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही पाहून घ्या, कारण तुम्ही बाहेर जाऊन परत येता.

दोन्ही व्हिसे काढणारच असाल तर मग सिॲटलपेक्षा व्हँकूवरहून निघा. सिॲटलची जहाजं सहसा व्हँकूवर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकमधून जातात आणि पहिल्याच दिवशी मळमळ सुरू होते. व्हँकूवरची आतल्या सामुद्रधुनीतून, दोन्हीकडे डोंगर आणि देवदारासारखी उंच झाडं घेऊन. याच वाटेवर सिमोर नॅरोजमध्ये पाण्याखाली एक कुप्रसिद्ध खडक होता, कित्येक जहाजांचा काळ. 5 एप्रिल 1958 ला तो सुरुंग लावून उडवला.

कागदपत्रांचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. वाटेवरच्या स्कॅग्वे बंदरात व्हाइट पासची रेल्वे आहे, तीन फुटी रुळांची, सोन्यासाठी क्लोंडाइककडे धावलेल्या माणसांच्या काळात 1898 ते 1900 मध्ये बांधलेली. 32 किलोमीटरमध्ये सुमारे 870 मीटर चढते. तिचं तिकीट काढताना ‘समिट’पर्यंतची फेरी घ्या. ती खिंडीत जाऊन प्रवाशांना गाडीतच बसवून परत आणते. पुढे फ्रेझर किंवा कारक्रॉसला जाणारी फेरी कॅनडात उतरवते, आणि तिथे पुन्हा कागदपत्रं तपासतात.

पुढच्या लेखांकात खर्चाचा हिशेब : रोजची आपोआप कापली जाणारी टिप, वैद्यकीय विमा आणि जहाजावरचं इंटरनेट.