अडकलेला नांगर

नागपूरच्या महाल भागालगत गांधीसागर हा जुना तलाव आहे. शुक्रवारी तलाव व जुम्मा तलाव या नावांनीही तो ओळखला जातो. पूर्व विदर्भात तर तलाव गावोगावी आहेत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले. या तलावांत व वैनगंगेवरील गोसीखुर्दसारख्या जलाशयांत ढीवर व भोई बांधव लहान डोंग्यांतून मासेमारी करतात. जलाशयाच्या तळाशी झाडांची खोडे, मुळे व दगड असतात. डोंगा स्थिर राहावा म्हणून टाकलेला नांगर त्यांत गुंततो, आणि तो सोडविण्याच्या धांदलीत डोंगा उलटून प्राण गमावण्याचा प्रसंग ओढवू शकतो.

शेताचा नांगर व नावेचा नांगर यांस आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि दोहोंचा न्यायही एकच. फाळ मुळात अडकला असता जाणता शेतकरी बैलांस चाबूक मारीत नाही. तो जोडी थांबवितो व नांगर मागे ओढून वर उचलतो. पाण्यातही ज्या दिशेने नांगर रुतला, त्याच्या उलट दिशेने तो सुटतो.

प्रथम दोर हळूहळू आत घेत डोंगा नांगराच्या थेट वर आणावा. दोर नेहमी पुढील टोकावरूनच ओढावा. बाजूने ओढल्यास दोराचा ताण व माणसांचे वजन एकाच कडेवर पडते, आणि मागून ओढल्यास पाणी आत शिरते. ओढणाऱ्याने बसून ओढावे, इतरांनी मध्यभागी बसावे. दोर हातास गुंडाळू नये. सरळ ओढून नांगर न सुटल्यास दोर थोडा सैल सोडावा, वल्ह्याने डोंगा पलीकडे न्यावा व उलट बाजूने ओढून पाहावे. तरीही न सुटल्यास नांगराभोवती फेरी घेत निरनिराळ्या दिशांनी प्रयत्न करावा. बुडी मारून नांगर सोडविण्यास कोणीही उतरू नये.

वारा वाढला, प्रवाहास वेग आला किंवा डोंग्याचे टोक खाली दबू लागले, तर विलंब न लावता दोर कापावा. त्यासाठी धारदार सुरी हाताशी असावी. अंगावर तरंगजाकीट असणे अगत्याचे आहे. धरणाचे दरवाजे उघडण्याची सूचना असेल, त्या दिवशी डोंगा पाण्यात घालूच नये.

हा प्रसंग टाळण्याचा उपायही सोपा आहे. मुख्य दोर नांगराच्या आकड्यांकडील टोकास पक्का बांधावा, दांड्यालगत वर आणावा व वरच्या कड्यास बारीक सुतळीने जखडावा. नांगर अडकल्यास जोराच्या ओढीने सुतळी तुटते, ओढ आकड्यांकडून लागते आणि नांगर उलटा होऊन निघतो. सुतळी मात्र प्रत्येक खेपेस तपासावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर, काठालगतच्या उथळ पाण्यात, मच्छीमार संस्थेच्या सभासदांस हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्याच वेळी उघड्या पडलेल्या खोडांच्या जागांवर बांबूच्या खुणा रोवून घ्याव्यात, म्हणजे पावसाळ्यानंतर त्या जागा टाळता येतील.