धीरानें केलेला देवाचा शोध

आर्वीच्या काळ्या जमिनींत मृगाच्या पावसावर सरकी पडते. कापूस वेंचणीस येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो निंदण करितो, डवरा फिरवितो, आभाळाकडे पाहतो; परंतु बोंड बळेंच उकलून कापूस काढावा असें त्याच्या मनांतही येत नाहीं. आपलें काम करीत राहावें आणि जें आपल्या हातीं नाहीं त्याची वाट पाहावी, हें त्याला ठाऊक असतें. ख्रिस्ती धर्मांत ईश्वराच्या शोधासंबंधीं जी शिकवण आहे ती समजण्यास हा दृष्टांत पुरेसा आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पांचवा, सहावा व सातवा हे तीन अध्याय मिळून येशूचें डोंगरावरील प्रवचन होतें. त्यांतील सातव्या अध्यायांत मागणें, शोधणें आणि दार ठोठावणें अशा तीन आज्ञा आहेत. मूळ ग्रीक भाषेंत हीं क्रियापदें चालू राहणाऱ्या क्रियेचीं आहेत. एकदां मागून मोकळें व्हावें असा त्यांचा आशय नसून, मागत राहावें, शोधीत राहावें, ठोठावीत राहावें असा आहे. दार उघडणें हें ठोठावणाऱ्याच्या सत्तेंतलें नाहीं. ती कृपा होय. ठोठावीत राहणें मात्र सर्वस्वीं त्याचें काम.

या शिकवणीचें मराठींतील ठळक उदाहरण म्हणजे कवि नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला. संस्कृताचा व्यासंग, कवित्व व वक्तृत्व हे गुण अंगीं असूनही त्यांच्या मनास स्थैर्य नव्हतें. आर्वीच्या पूर्वेस असलेल्या नागपुरांत त्यांनीं कांहीं काळ काढला. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांस एक गोरा पाद्री भेटला. त्यानें त्यांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. तें ऐकून टिळकांना नवल वाटलें. विश्वास वाटला नाहीं. तरीही त्यांनीं पुस्तक वाचावयास घेतलें, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर तें त्यांस खालीं ठेववेना.

परंतु प्रवचन आवडलें आणि दुसऱ्या दिवशीं धर्म बदलला, असें घडलें नाहीं. वाचन, मनन, शंका व प्रार्थना यांत दोन वर्षें गेलीं. या निश्चयाची किंमत घरास मोजावी लागेल, हें त्यांना दिसत होतें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि संसार दुभंगला.

पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या. त्यांचें दुःख पतीच्या दुःखाहून थोडें नव्हतें. उलट, त्यांनीं कांहींच निवडलें नसतां तें त्यांच्या वांट्यास आलें होतें. पुढें त्या पतीजवळ राहावयास गेल्या तेव्हांही सोंवळेंओंवळें त्यांनीं सोडलें नाहीं. पतीच्या मागून जाणें एवढ्यानेंच श्रद्धा उपजत नाहीं. त्यांच्या मनांतील गांठ जातिभेदाच्या प्रश्नापाशीं सुटूं लागली: मनुष्यांमधील उच्चनीच भाव देवानें केला कीं माणसांनीं? या प्रश्नाचें उत्तर त्यांचें त्यांना सांपडलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्यास तेव्हां पांच वर्षें लोटलीं होतीं. दुसऱ्याच्या अंतःकरणाचें दार आपण उघडूं शकत नाहीं, हा धीराचा अधिक कठीण धडा टिळकांना घरांतच मिळाला.

देव सांपडला म्हणजे शोध संपला, असेंही टिळकांस वाटलें नाहीं. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. आणि ख्रिस्तभक्ति त्यांनीं अभंगांतून गाइली. त्यांचीं पदें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंदिरांत अद्याप म्हटलीं जातात. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ते संन्यस्त वृत्तीनें राहूं लागले आणि साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ उभा केला. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरेंच होतें. तें पुढें नेण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. विवाहाच्या वेळीं ज्यांना धड लिहितां-वाचतां येत नव्हतें, त्या बाईंनीं अध्यायामागून अध्याय रचले. १९३६ सालीं त्यांचेंही देहावसान झालें. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ सालीं.

या चरित्रांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आध्यात्मिक समाधान म्हणजे संकटांपासून सुटका नव्हे. समाधान लाभलें त्या वर्षींच टिळकांचें घर मोडलें. आणि लक्ष्मीबाईंस तें लाभलें तें अनेक वर्षांच्या एकाकीपणानंतर. धीर धरणें याचा अर्थ डोळे मिटून बसणें असाही नव्हे. वाचणें, स्वतःस प्रश्न विचारणें, प्रार्थना करणें, हातचें कर्तव्य न टाकणें आणि घरच्या माणसांस त्यांच्या गतीनें चालूं देणें, हीच त्या काळांतील निंदणी-डवरणी.

धर्म कोणताही असो, ज्या घरांत सायंकाळीं दिवा लागल्यावर घटकाभर शांत बसण्याची वहिवाट आहे, तेथें मत्तयाचे ते तीन अध्याय सहज वाचून होतील. त्यांतील मर्म मनांत उतरण्यास मात्र एक सायंकाळ पुरणार नाहीं. टिळकांसारख्या बुद्धिमान पुरुषास दोन वर्षें लागलीं, आणि लक्ष्मीबाईंस त्याहूनही अधिक.