वळवाला अवकाळी म्हणू नका

सोमवारी, २६ मे २०२५ रोजी, मान्सून मुंबईत आणि पुण्यात एकाच दिवशी दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईत त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख होती २९ मे, तीही १९५६, १९६२ आणि १९७१ या तीनच वर्षांतली. पुण्याचा नेहमीचा मुहूर्त १० जूनचा. बातमी मोठी होती आणि आठवडाभर ती सगळ्यांनी वाजवली. त्यात एकाची मात्र कुणी साधी चौकशीही केली नाही. मान्सूननं ज्याची जागा पंधरा दिवस आधीच बळकावली तो आमचा वळीव.

उलट, महिनाभर जो काही पाऊस झाला त्याच्या कपाळी सरसकट ‘अवकाळी’चा शिक्का बसला. हा शब्द मला खटकतो. मे महिन्यात दुपारी चारला गडगडत येणारा पाऊस अवकाळी कसा? हाच तर त्याचा काळ. डिसेंबरात भरल्या द्राक्षबागेवर कोसळतो तो अवकाळी. वळीव वेळेचा पक्का असतो. पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या काळेवाडीत राहणाऱ्याला तर तो कारखान्याच्या पहिल्या पाळीच्या बसइतकाच ओळखीचा.

त्याची चाल ठरलेली असते. सकाळी नऊपासून ऊन चटकायला लागतं. बाराला तापकीर चौकातला डांबरी रस्ता चपलेला चिकटतो. दोनला वारा पडतो आणि झाडाचं पान हलत नाही. तीन-साडेतीनला पहिली पाळी सुटते, माणसं घामानं निथळत घराकडे निघतात, आणि तेवढ्यात पश्चिमेला, हिंजवडीच्या अंगाला, आभाळ काळंनिळं होतं. मग गार वाऱ्याचा एक झोत, त्यामागून धूळ, मग लाईट जाते, आणि सगळ्यात शेवटी पाऊस. तासाभरात खेळ खलास. या क्रमात वारा आधी आणि पाऊस नंतर, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम आहे.

हे सगळं पाहताना मला नेहमी एका बेटाची आठवण येते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन शहर आहे. त्याच्या उत्तरेला, समुद्रात ऐंशीएक किलोमीटरवर टिवी बेटं आहेत. बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटं एका अरुंद खाडीनं वेगळी झालेली. तिथं उकाड्याच्या दिवसांत जवळपास रोज दुपारी, साधारण तीनच्या सुमारास, ठरल्या जागी एक वादळी ढग उभा राहतो. उंची कधी कधी वीस किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या महायुद्धात तिथून विमानं नेणाऱ्या वैमानिकांना तो लांबूनच दिसायचा, दिशा धरायला उपयोगी पडायचा. त्यांनी त्याचं नावच ठेवून टाकलं, ‘हेक्टर’. चक्रीवादळांना नावं असतात हे आपल्याला माहीत आहे. रोजच्या दुपारच्या ढगाला माणसासारखं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हेक्टरमागचं कारण सोपं आहे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तापलेल्या बेटावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी समुद्राचा दमट वारा आत घुसतो. हे वारे बेटाच्या मध्यावर एकमेकांवर आदळतात. पुढे सरकायला वाट नसते, म्हणून ते वर चढतात. वर गेलेल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं. तसं होताना वाफेत दडलेली उष्णता मोकळी होते, दर किलो पाण्यामागे सुमारे अडीच हजार किलोज्यूल. तिच्या जोरावर ढग आणखी फुगतो. ढगाच्या वरच्या भागात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांना घासतात, त्यातून वीज साठते. पुढचं आपल्या कानांना माहीत आहे.

आता काळेवाडी काही समुद्रातलं बेट नाही. पवना नदीनं एका अंगानं वळसा घातलाय एवढंच. पण समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मे महिन्यात त्याचा वारा दुपारी घाट चढून मावळातून आपल्याकडे येतो. समोरून येते ती देशावरची कोरडी, भाजकी हवा. दोघांची गाठ पडते ती अशाच दुपारी. टिवीला चारी बाजूंनी समुद्र आहे, आपल्याला एकाच बाजूनं. म्हणून हेक्टर रोज येतो आणि आपला वळीव आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही त्याची मर्जी असली तर.

दोघांत आणखी एक साम्य आहे, २०२५मध्ये काय घडलं ते त्यातून कळतं. टिवी बेटांवर मान्सून जोरात असला की हेक्टर गायब होतो. आभाळ दिवसभर झाकलेलं, जमीन तापणार कशी आणि हवा उठणार कशी? आपल्याकडे २४ मेला अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, आणि दोन दिवसांत पुण्यापर्यंत. ऊन गेलं तसा वळीवही गेला. उकाड्यातून सुटका झाली म्हणून सगळे खूश. मला मात्र रोहिणी नक्षत्र गडगडाटाशिवाय लागलं याची रुखरुख आहे. ती शास्त्रीय नाही, कबूल.

बेटाची गोष्ट इथं संपत नाही. समुद्राचं नसलं तरी काळेवाडी एका वेगळ्या अर्थानं बेटच आहे, उष्णतेचं. शहर आसपासच्या गावापेक्षा गरम असतं हे लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वी मोजून दाखवलं. धंद्यानं ते रसायनं बनवणारे. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं देणारेही तेच. पुण्याबद्दल असं काम झालं आहे का, असं कुणी विचारलं की मी वृषाली देवस्थळी यांच्या २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचं नाव घेतो. त्यानुसार शहराचा गाभा रात्री नुसता गरम नसतो, दमटही असतो. म्हणजे उष्णतेचं बेट आणि ओलाव्याचंही बेट. तो निबंध वाचल्यावर माझ्या मनातलं एक कोडं सुटलं. ‘पुण्याची हवा कोरडी’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, मग रात्री अकराला पंख्याखाली अंग चिकट का?

काळेवाडीची बांधणी बघा. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट, भिंतीला भिंत लागून तीन-चार मजले, मध्ये हातभर रुंदीची गल्ली. दिवसा तापलेली भिंत रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते, पण गल्लीतून आभाळ दिसतं चिंचोळ्या पट्टीएवढं. मग ती ऊब समोरच्या भिंतीलाच जाते आणि परत येते. पत्र्याची खोली दुपारी तव्यासारखी तापते, पण दिवस मावळला की लवकर निवते. स्लॅबचं उलटं. त्याची ऊब घरात उतरते ती मध्यरात्रीपर्यंत. दोन्ही छपरांखाली राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हवामान खात्याच्या आकड्यांतही ते दिसतं. मोकळ्या पाषाणपेक्षा दाट वस्तीच्या चिंचवडचं रात्रीचं तापमान बहुतेक वेळा चढंच असतं. आपण मात्र बातमी करतो ती दुपारच्या कमाल तापमानाची. २८ एप्रिल २०१९ला पुण्यात ४३ अंश झाले तेव्हा पहिली पानं भरली होती. माणसाला खरा जाच होतो तो न निवणाऱ्या रात्रीचा.

मग या तापलेल्या बेटामुळे वळीव वाढला का? असं म्हणणारे आता बरेच भेटतात. अमेरिकेत सेंट लुइस शहराभोवती १९७०च्या दशकात मोठी पाहणी झाली होती. वाऱ्याच्या दिशेनं शहराच्या पलीकडे उन्हाळी पाऊस जास्त पडतो असं तिच्यात दिसलं. पण एका सपाट मुलखातल्या शहराचं गणित घाटालगत जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. इथं सह्याद्री आहे, समुद्र आहे, देशावरचा वारा आहे. त्यांच्यापुढे आपलं काँक्रीट किती? थोडा हातभार लावत असेलही. पण ‘शहरानं वादळ आणलं’ ही ओळ वाचायला झकास आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहावं.

शहरानं वादळ आणलं नसेल, त्याच्या वाटेत धोके मात्र नक्की उभे केले. आता तो वाऱ्याचा क्रम आठवा. उंच ढगातून पाऊस खाली पडताना वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातला बराचसा सुकतो. त्यानं हवा एकदम गार आणि जड होते, जमिनीवर कोसळते आणि बादली उलटी केल्यावर पाणी पसरावं तशी सगळीकडे पसरते. पावसाच्या कितीतरी आधी पोचणारा तो गार झोत हाच. वळवात जोर असतो तो याच्यात.

१७ एप्रिल २०२३ला रावेत-किवळे भागात महामार्गालगतचं होर्डिंग अशाच वाऱ्यात कोसळलं. आडोशाला थांबलेली माणसं खाली सापडली, पाच जण गेले. पुढच्या वर्षी १३ मेला मुंबईत घाटकोपरला होर्डिंगखाली १७ जणांचा बळी गेला. तिथं ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना फलक होता १२० बाय १२०चा. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी मोशीत होर्डिंग पडलं. सुदैवानं वाहनांवर निभावलं. या तिन्ही दिवशी वादळ आपल्या मोसमातच आलं होतं. अवकाळी काही असेल तर तो लोखंडाचा सांगाडा.

वाऱ्याइतकाच धोका विजेचा. पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सांगतं. ते नसेल तर लहानपणीची रीत आहेच. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. आणि भर दुपारी अचानक गार वारा सुटला, धूळ उठली, तर होर्डिंगखाली किंवा झाडाखाली दुचाकी लावू नका. पक्क्या छपराच्या दुकानात शिरा. भिजलात तरी चालेल.

एखाद्या वर्षी वळीव अर्ध्यावर गेला म्हणून पत्र्यावर ठेवलेल्या दगड-टायरांच्या भरवशावर बसू नका. मान्सून परतताना ऊन पुन्हा तापतं आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात दुपारचे हे ढग पुन्हा उभे राहतात. पत्र्याच्या हुकांचे नट आताच आवळून घ्या.