शाळेचा निकाल वाचावा कसा?

दहावीचा निकाल लागला की गावच्या चौकात एकच आकडा फिरू लागतो. या शाळेचा ९२ टक्के, त्या शाळेचा ७४ टक्के. लगेच निवाडाही होतो: ही शाळा चांगली, ती वाईट. पालक मुलांचे दाखले हलवतात, संस्थाचालक शिक्षकांना जाब विचारतात. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारखे गाव असो की मुंबईसारखे महानगर, सगळीकडे हेच चालते. पण निकालाची टक्केवारी नेमके काय मोजते? शाळेने काय शिकवले हे, की शाळेत कोण आले हे? गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण हा मोजमापाचाच प्रश्न आहे.

तलावाखालची बांधी आणि बरडावरची बांधी

साकोली तालुक्यातला सानगडीचा परिसर धानाचा आणि तलावांचा. येथले जुने मालगुजारी तलाव लोक 'मामा तलाव' म्हणून ओळखतात. तलावाच्या पाळीखालच्या बांधीला हमखास पाणी मिळते. वरच्या बरड जमिनीवरची बांधी पावसाच्या भरवशावर असते. आता खालच्या बांधीत एकरी जास्त खंडी धान झाले आणि वरच्या बांधीत कमी, तर खालचा शेतकरी अधिक कसबी असे कोणी म्हणेल का? कोणताही अनुभवी शेतकरी आधी विचारील, "जमीन कोणती? पाणी किती?" शेताच्या बाबतीत जो प्रश्न आपण सहज विचारतो, तो शाळेच्या बाबतीत मात्र विसरतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शाळेत कोण पोचते आणि कोण पोचत नाही यावरच बोट ठेवले होते. शेतकऱ्यांच्या कष्टातून महसूल गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, ही त्यांची तक्रार होती.

बेरजेतली गफलत

एक साधे उदाहरण घेऊ. दोन शाळा आहेत असे समजा. प्रत्येकीत दहावीला १०० मुले बसली. दोन्हींत दोन प्रकारची मुले आहेत. काही मुले घरात पहिल्यांदाच शिकणारी आहेत, तर काहींचे आईवडील शिकलेले आहेत.

पहिल्या शाळेत पहिल्या पिढीची ८० मुले, त्यांतली ४८ उत्तीर्ण, म्हणजे ६० टक्के. शिकलेल्या घरांतली २० मुले, त्यांतली १९ उत्तीर्ण, म्हणजे ९५ टक्के. एकूण उत्तीर्ण ६७.

दुसऱ्या शाळेत पहिल्या पिढीची २० मुले, त्यांतली १० उत्तीर्ण, म्हणजे ५० टक्के. शिकलेल्या घरांतली ८० मुले, त्यांतली ७२ उत्तीर्ण, म्हणजे ९० टक्के. एकूण उत्तीर्ण ८२.

चौकात बोलले जाईल ते एवढेच: ६७ आणि ८२. पण पुन्हा नीट पाहा. पहिल्या पिढीची मुले कोणत्या शाळेत अधिक उत्तीर्ण झाली? पहिल्या. शिकलेल्या घरांतली मुले? तीही पहिल्याच शाळेत. दोन्ही गटांत पहिली शाळा सरस आणि तरीही एकूण निकालात ती पंधरा टक्क्यांनी मागे! आकडेमोडीत चूक नाही. दोन्ही शाळांतले गटांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे हे घडते.

संख्याशास्त्रात याला 'सिम्पसनचा विरोधाभास' म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९७३ साली स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात प्रवेश मिळाल्याचे दिसले होते. विभागवार आकडे काढल्यावर कळले की, स्त्रियांचे अर्ज मुख्यतः जेथे सर्वांनाच प्रवेश कठीण होता अशा विभागांत होते. बहुतेक विभागांत त्यांच्याविरुद्ध भेदभाव दिसत नव्हता.

घर शाळेत कसे येते?

'घरची परिस्थिती' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. ती परिस्थिती वर्गात नेमकी कोणत्या वाटेने शिरते, हे पाहिले तर उपायही सुचतात.

पहिली वाट हजेरीची. धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते. मोठी माणसे बांधीत उतरली की घरच्या लहानग्यांना सांभाळायला थोरली मुलगी मागे राहते. तीन आठवडे म्हणजे शाळेचे सुमारे अठरा दिवस. तेवढ्या दिवसांत वर्गात अपूर्णांक शिकवून झाले, तर पुढे टक्केवारी, गुणोत्तर, व्याज या सगळ्यांत तिचा पाय अडखळतो. गणितात एक पायरी गळली की पुढचा जिनाच डळमळतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यापाठोपाठ तेंदूपत्ता, हाही हंगाम ऐन परीक्षांच्या सुमारास येतो.

दुसरी वाट भाषेची. घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी आधी समजून घ्यावी लागते, मग विज्ञान. मुंबईत हे आणखी गुंतागुंतीचे होते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून तेथे महापालिकेच्या शाळा चालत आल्या आहेत. तरीही अनेक मुलांची घरची बोली या आठांपैकी एकही नसते.

तिसरी वाट घरच्या मदतीची. अडलेले गणित विचारायला घरी कोणी आहे का, वही पसरायला जागा आहे का, शिकवणीचे पैसे आहेत का? चौथी वाट पोटाची. उपाशी मुलाचे लक्ष फळ्यावर टिकत नाही, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

छेद बदलला की निकाल बदलतो

टक्केवारीत अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा. समजा, एका शाळेत आठवीत ६० मुले होती. दहावीपर्यंत ४० टिकली, ३६ उत्तीर्ण झाली. निकाल ९० टक्के. पुढे शाळेने मेहनत घेतली, गळती थांबवली. पुन्हा आठवीत ६० मुले, पण आता दहावीला ५८ बसली आणि ४६ उत्तीर्ण झाली. निकाल ७९ टक्के. वर्तमानपत्र म्हणेल, शाळा घसरली. प्रत्यक्षात आठवीतल्या ६० मुलांपैकी पूर्वी ३६ दहावी पार करीत होती, आता ४६ करतात.

उलट दिशेचा मार्ग शिक्षकांना ठाऊक आहे. कच्च्या मुलाला नववीतच अडवायचे, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचे. मंडळ नियमित आणि खाजगी विद्यार्थ्यांचे निकाल वेगळे मोजते. त्यामुळे शाळेचा आकडा चकचकीत राहतो, पण ते मूल शाळेच्या हिशेबातूनच पुसले जाते. नुसत्या टक्केवारीवर शाळेची इभ्रत तोलण्याचा सर्वांत मोठा तोटा हाच.

मोजपट्टी बदलली तरी आकडा बदलतो. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ साली ७७.१० टक्के झाला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रातली मुले एका वर्षात मठ्ठ आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली काय? २०१९ साली नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ साली कोविडमुळे लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता.

दहा मुलांची शाळा

लहान शाळांची अडचण वेगळी. एखाद्या शाळेत प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता दरवर्षी ८० टक्केच आहे आणि शिकवणेही तेच आहे असे समजू. वर्गात दहाच मुले असतील तर केवळ योगायोगाने साधारण दहा वर्षांतून एकदा निकाल १०० टक्के लागेल आणि आठ वर्षांतून एकदा ६० टक्के किंवा त्याहून कमी. १६० मुलांच्या शाळेत निकाल योगायोगाने ६० टक्क्यांवर येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून जिल्ह्याच्या यादीत अगदी वर आणि अगदी खाली, दोन्ही टोकांना लहान शाळाच अधिक आढळतात. त्यांचा सत्कार आणि त्यांची झडती, दोन्ही एका वर्षाच्या आकड्यावरून करू नये. निदान पाच वर्षांची बेरीज घ्यावी.

मग शाळेच्या हाती काहीच नाही?

येथे एक धोका आहे. "आमची मुलेच तशी" असे म्हणून हात झटकायला वरची सारी आकडेमोड कामी येऊ शकते. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालाचे असेच झाले. सुमारे सहा लाख विद्यार्थी आणि चार हजार शाळांच्या पाहणीतून त्यांना दिसले की, गुणांमधला फरक इमारत आणि खर्च यांच्यापेक्षा घर आणि वर्गसोबती यांच्याशी अधिक जुळतो. अनेकांनी याचा अर्थ 'शाळेने काही फरक पडत नाही' असा लावला. १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली यांनी २९ देशांची तुलना केली. गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचा प्रभाव घराच्या मानाने अधिक असल्याचे त्यांनी दाखवले.

याचा रोखठोक पुरावा मुंबईतच मिळाला. 'प्रथम' या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत 'बालसखी' कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतली, वाचन आणि साधी वजाबाकी न येणारी मुले वेगळी काढून त्यांना शाळेच्याच वेळात रोज दोन तास शिकवायचे, तेही पुस्तकातल्या धड्यापासून न शिकवता मूल जेथे अडले आहे तेथून. शिकवणारी बालसखी बहुधा जवळच्याच वस्तीतली, शालेय शिक्षण झालेली तरुणी असे. २००१ ते २००३ या काळात याची रीतसर परीक्षा झाली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारख्याच घरांतली मुले आली. दुसऱ्या वर्षाअखेर फरक ०.२८ प्रमाण विचलन इतका आढळला. सोप्या भाषेत सांगायचे तर, १०० मुलांच्या रांगेत जे मूल खालून ५०व्या जागी उभे राहिले असते ते सुमारे ६१व्या जागी गेले. लाभ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. घरे तीच, गरिबी तीच, तरी शिकणे वाढले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने या लाभाचा बराच भाग ओसरला, हेही लक्षात ठेवावे. एकदा पाणी देऊन हंगाम निघत नाही.

याच पद्धतीने आंध्र प्रदेशात २००८ पासून १८० गावांत सोडतीने काही मुलांना खाजगी शाळेत पाठवले गेले. दोन आणि चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ही मुले सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र ती पुढे होती. एरवी खाजगी शाळांची जी आघाडी दिसते, तिच्यातला मोठा वाटा मुलांच्या घरांचा होता.

करून पाहा

हे सारे आपल्या शाळेत तपासता येते. त्याला संगणक लागत नाही, एक वही पुरते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाची छोटी चाचणी घ्या: एक परिच्छेद वाचता येतो का, भागाकार येतो का. वहीत चार रकाने आखा: आईचे शिक्षण, जूनची पातळी, वर्षातील हजेरी, मार्चची पातळी. मार्चमध्ये तीच चाचणी पुन्हा घ्या. आता मुलांचे गट पाडा. ज्यांची आई शाळेत गेली नाही, त्या मुलांची वाढ किती? इतरांची किती? रोवणीत गैरहजर राहिलेल्यांची वाढ कोठे अडली? त्यांच्यासाठी सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस तेच धडे पुन्हा घेतले तर काय होते? वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना ही आकडेमोड प्रकल्प म्हणून देता येईल. नावे मात्र झाकून द्यावीत, कारण कोणाच्या घरची माहिती वर्गात चर्चेला येऊ नये.

पुढच्या वर्षी कोणी चौकात विचारले, "गुरुजी, तुमचा निकाल त्यांच्यापेक्षा कमी का?" तर ही वही त्यांच्यापुढे ठेवा. आठवीत किती आली, किती टिकली, जूनमध्ये कोठे होती आणि मार्चमध्ये कोठे पोचली, हे त्यात लिहिलेले असेल. काही पाने पाहून आपल्यालाही वाईट वाटेल. ती पाने फाडू नका. पुढच्या जूनमध्ये काम कोठून सुरू करायचे ते त्याच पानांवर सापडते.