पाऊण क्विंटल ताण

अकूस्टिक गिटारला लाइट मापाच्या सहा तारा चढवून त्या नेहमीच्या सुरात आणल्या, की सगळ्या तारांचा मिळून ताण 70 ते 75 किलो भरतो. हा पाऊण क्विंटल जिच्या जिवावर येतो, ती पुढची फळी, म्हणजे टॉप, स्प्रूसची असते आणि जेमतेम 3 मिलिमीटर जाड. कारखान्यात ही फळी जरा जाडच ठेवतात, आतल्या आधारपट्ट्याही भक्कम लावतात, कारण वॉरंटीत परत आलेली गिटार कोणालाच नको असते. एकटा बसून गिटार घडवणारा कारागीर मात्र तीच फळी वाकवून, टिचकी मारून, अंगठ्याने तिचा ताठपणा जोखत रंधा मारत राहतो. आणखी थोडी तासली तर तारांच्या ओढीने फळी बसेल, अशा बेताला तो थांबतो. हाताने घडवलेल्या गिटारला आपण जे काही लाख मोजतो, ते बहुतांशी या थांबण्याचे असतात.

आवाजाचं मर्म टॉपमध्ये आहे, हे स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने 1862 मध्येच दाखवून दिलं होतं. त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या केल्या. टॉप तेवढा स्प्रूसचा ठेवला. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अर्थात पाठ-बाजूंच्या लाकडालाही स्वतःचा रंग असतोच. माझ्या हाताने घडवलेल्या गिटारला आहे ती आपली शिसव. ब्राझीलचा रोझवूड मिळेनासा झाला तेव्हा, 1969 मध्ये, अमेरिकेतली मार्टिन कंपनी भारतीय शिसवीकडे वळली आणि पुढे जगभरच्या कारागिरांनी ती आपलीशी केली. 2017 पासून शिसवीच्या परदेशी व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019 मध्ये सूट मिळाली.

अशी गिटार पुण्यात ठेवायची म्हणजे हवेवर पहारा ठेवायचा. सॉलिड लाकडाच्या वाद्याला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती 80च्या वर असते आणि एप्रिलच्या दुपारी 20-25वर येते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं. पावसाळ्यात स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवून डोळा खाली नेला, की ती मधोमध टेकलेली आणि दोन्ही कडांना उजेडाची फट दिसते. फळीने पोट काढलेलं असतं. तिच्याबरोबर ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालचं अंतर एरवी अडीच मिलिमीटर असतं, ते 3 च्या घरात जातं. बार कॉर्ड धरताना मनगट लगेच तक्रार करतं.

लोक पावसाला घाबरतात, पण तडा जातो तो उन्हाळ्यात. फुगलेलं लाकूड हवा सुधारली की पुष्कळदा मूळ जागी येतं. आक्रसणारं लाकूड कडेने चिकटवलेलं असल्यामुळे त्याला जायला जागा नसते, मग ते रेषेत फाटतं. त्याची आगाऊ सूचना डाव्या हाताला मिळते. नेकच्या कडेवरून बोट फिरवावं. फिंगरबोर्ड अरुंद झालेला असला, तर फ्रेटची टोकं बाहेर येऊन बारीक टोचतात. तसं झालं, की गिटार त्याच दिवशी केसमध्ये ठेवायची. केसमध्ये ओलावा शोषणारी आणि गरजेला सोडणारी 49 टक्क्यांची पाकिटं असतात. सोबत हायग्रोमीटर. स्वस्तातले हायग्रोमीटर खोटं बोलतात, म्हणून ते आधी मिठावर पारखून घ्यावेत: बाटलीच्या झाकणात मीठ थोड्या पाण्याने ओलं करून, ते यंत्रासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 दिसायला हवा. जेवढा फरक दिसेल, तेवढा पुढे धरून चालायचं.

माझ्याकडे हाडाचे दोन सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्ट्या, आहेत, एक पावसाळी, एक उन्हाळी. पावसाळी बुटका. तो घडवताना काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर सॅडलचा तळ घासायचा. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा, तर सॅडल एक मिलिमीटर कमी करावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. माथा मात्र जपायचा. तार एका नेमक्या रेषेवरून सुटली पाहिजे. माथा सपाट झाला की ती तिथे घासून झणझणते. मिरजेचे तंबोरा कारागीर घोडीच्या रुंद माथ्यावर जवारी काढतात, ती हाच झणकार मुद्दाम उठवण्यासाठी. गिटारवाला त्यालाच दोष समजतो.

एवढं करून वाजवताना काय मिळतं? मोठा आवाज नव्हे. जाड टॉपच्या गिटारवर उजव्या हाताला जोर लावायची सवय लागते. इथे तोच जोर लावला तर आवाज वाढत नाही, नुसता फाटतो. हात हलका केला की मग फरक कळायला लागतो. नखाने छेडलेली तार आणि बोटाच्या मांसल टोकाने छेडलेली तार वेगळी वाजते. ब्रिजपासून दोन बोटं पुढे सरकलं तर सूर गोल होतो. हे साध्या गिटारवरही होतं, पण इथे ते समोर बसलेल्याला ऐकू जातं. त्याची दुसरी बाजूही आहे. डावं बोट क्षणभर आधी उचललं, तर सुराचं तुटलेलं शेपूट स्पष्ट ऐकू येतं. जुन्या गिटारवर सफाईने वाजवतो असं मला वाटायचं ते कितीतरी तुकडे मी हिच्यावर संथ लयीत पुन्हा बसवले.

गिटार घ्यायचीय, कोणती घेऊ, असं कोणी विचारलं तर मी आधी घराबद्दल विचारतो. गिटारची खोली कोणती, तिथे दुपारचं ऊन येतं का, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते का, आणि आठवड्यातून एकदा आकडा बघायचा कंटाळा येणार नाही ना. येणार असेल तर चांगल्या लॅमिनेटेड लाकडाची गिटार घ्यावी. तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे हवेचं ती फारसं मनावर घेत नाही. पावसाळ्यात सिंहगडावर नेता येईल अशी गिटार तीच, आणि माझ्याकडे तीही आहे.