जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं लिनक्स, मग पैसे कशाचे घ्यायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. नोंदणी करून पुढे काही काळ सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीन नियमात बसत नाहीत, चालायला धडधाकट असली तरी.

आता सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं आपलं तामलवाडी घ्या. किराणा, झेरॉक्स, कृषी सेवा केंद्र, अशा दुकानांतलं जुनं मशीन बदलायचं म्हटलं की मालकाच्या कपाळावर आठ्या. नवीन घेणं परवडत नाही आणि अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम करणं धोक्याचं. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर उभं राहतं, ४ जीबी असेल तर बरं चालतं. ते फुकट आहे, कितीही मशीनवर टाकायला कायदेशीर आहे आणि टाकून देण्याची मजुरी घ्यायलाही कुणाची आडकाठी नाही.

लोक म्हणतात लिनक्स अवघड. मला नाही पटत. तुमच्या विंडोजमध्ये मराठी टायपिंग, प्रिंटर, डेस्कटॉपवरची चिन्हं कुणीतरी बसवून दिली होती, म्हणून ते सोपं वाटलं. लिनक्स कोरंच हातात पडतं, म्हणून माणूस बिचकतो. तो पहिला तास तुम्ही विकायचा.

नुसती भाषा मराठी करून भागत नाही हेही ध्यानात घ्या. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं, त्यात भारतीय भाषांची सोय आहे, तरी आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचितच दिसतं. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स रुजलं, कारण तिथे शिक्षकांना ट्रेनिंग दिलं आणि अडलं तर विचारायला शाळेतच माणूस होता. गावात तो माणूस तुम्ही व्हायचं.

मेन्यू शक्यतो इंग्रजीतच ठेवा. फाइल, सेव्ह, प्रिंट हे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडात बसलेत, आणि मराठी भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही, अर्धं-अर्धं दिसलं की माणूस जास्त गोंधळतो. टायपिंग मात्र मराठीत हवंच. गिऱ्हाइकाला कोणता कीबोर्ड येतो ते आधी विचारा. इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, गमभनची सवय असेल तर तेही मिळतं. लिब्रे ऑफिसच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइल आपोआप वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह होईल असं करून ठेवा. नाहीतर पहिलीच फाइल समोरच्याकडे नीट उघडेल याची खात्री नाही आणि शिव्या तुम्हाला.

प्रिंटर सगळ्यात आधी तपासा, पैशाचं बोलण्याच्याही आधी. बरेच एचपी प्रिंटर लगेच चालतात. झेरॉक्सवाल्यांचा लाडका कॅनन एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर मागतो आणि घाम काढतो. तपासणी सोपी आहे. मिंटचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरूनच मशीन चालू करा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं गिऱ्हाइकासमोर बघता येतं.

आणि काही जणांना स्पष्ट नाही म्हणा. टॅलीवर हिशोब असेल, श्रीलिपी आणि पेजमेकरवर पत्रिका छापत असतील, तर त्यांना विंडोजवरच राहू द्या. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सही असेल, तर त्या कंपनीचं लिनक्ससाठी सॉफ्टवेअर आहे का ते पाहिल्याशिवाय शब्द देऊ नका. एका गिऱ्हाइकाचं काम दिवसभर अडलं तर ती बातमी टोलनाक्यापर्यंत जाते.

जुन्या फाइल्सची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही. बिलावर सॉफ्टवेअरपुढे शून्य लिहा, खाली सेटिंगची मजुरी वेगळी लिहा आणि आठ दिवसांनंतरची एक भेट त्यातच धरा. त्या भेटीत काही विचारू नका. शेजारी बसा, तो नेहमीचं काम करतो ते बघा. जिथे त्याचा हात थांबेल तिथलं चिन्ह डेस्कटॉपवर आणून ठेवा.