वळण्याआधीची दोन मिनिटं

आत आल्याआल्या तो कुणालाच काही दाखवत नाही. उत्तरेच्या दारातून लोक घाईनं लेण्यात शिरतात. समोर, दक्षिणेच्या भिंतीत काहीतरी प्रचंड आहे एवढं त्यांना जाणवतं आणि पावलं आपसूक तिकडे जायला लागतात. तो हात आडवा धरतो. "इथं बसा, खांबाच्या पायथ्याशी. उजेडाकडे पाठ करा. मोबाइल खिशात ठेवा." मग सगळ्यांची तोंडं एका अंधाऱ्या कोपऱ्याकडे, जिथं बघण्यासारखं काहीच नाही. लहान मुलं चुळबुळ करतात, एखादे काका घड्याळ बघतात. तो गप्प उभा असतो. साधारण दोन मिनिटं जातात. कोपऱ्यातल्या खडकावरच्या छिन्नीच्या रेघा हळूहळू दिसू लागतात. त्या कुणाला तरी दिसल्या, कुणी बोट करून दुसऱ्याला दाखवल्या, की तो म्हणतो, "आता वळा."

घारापुरीच्या या गाइडचं काम बघायला गेल्या हिवाळ्यात मी चार वेळा बेटावर गेले. त्यातली पहिली खेप खरं तर लेणी बघायलाच होती. त्या दिवशी याच्या मागं उभी राहिले आणि लक्षात आलं की यापूर्वी दोनदा इथं येऊनही मी काही पाहिलंच नव्हतं. शाळेच्या सहलीत एकदा आणि नंतर पाहुण्यांना घेऊन एकदा. दोन्ही वेळा उन्हातून तडक त्रिमूर्तीपुढं गेले, फोटो काढला आणि वळले. डोळ्याची बाहुली अंधारात लगेच मोठी होते, पण आतल्या पडद्याला अंधाराशी पुरतं जुळायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. इथं येणाऱ्या बहुतेकांचं लेण्यातलं सगळं फिरणंच तेवढ्यात उरकतं.

ही घाई मुंबईत, गेटवेलाच सुरू होते. लाँच एकीला एक लागून उभ्या असतात. आपली तिसरी असेल तर दोन लाँच ओलांडून जायचं. मधल्या फटीत पाणी वरखाली होत असतं आणि खलाशी दंडाला धरून एकेकाला पलीकडे घेतात. त्यांचं लक्ष माणसाच्या चेहऱ्याकडे नसतंच, पायाकडे असतं. लाँच वर उचलली जाते त्या क्षणी ते ओढतात, आधी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर अपघात होऊन माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेटचा आग्रह आहे, आणि त्याला कंटाळणाऱ्या प्रवाशांचा मला राग येतो. तासाभराचा प्रवास. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचमागं लागतात आणि लोक त्यांना वेफर्स टाकतात. दूरदेशाहून आलेल्या पाखरांना तळलेलं मीठ खायला घालणं थांबलं पाहिजे. डावीकडे ट्रॉम्बे, वाटेत तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, पुढं न्हावा शेवा बंदराच्या क्रेन. त्या सगळ्याच्या मधोमध दोन टेकड्यांचं हे हिरवं बेट.

ओहोटी असेल तर धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. तिवरांची मुळं बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यात खेकड्यांची बिळं, आणि कडेला एका पायावर उभे बगळे. धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्याशी नेते. गाइडचं म्हणणं, चालत यावं. "गाडीतून माणूस मुंबईतनंच आल्यासारखा येतो. चालत आला की बेटावर येतो." हे तो प्रत्येकाला सांगत नाही. ज्याच्या पायात चांगल्या चपला आहेत त्यालाच सांगतो.

पायऱ्या सव्वाशेच्या आसपास. दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्यांखाली दुकानं: दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या. मधे मधे बायका कैरी, काकडी, चिंच, उकडलेलं कणीस घेऊन बसलेल्या. माकडांना बाटली कशी उघडायची ते चांगलं कळतं, म्हणून हातात काही न धरणं उत्तम. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे. एक खुर्ची, तिला बांधलेले दोन दांडे आणि चौघं जण. हे काम मी बराच वेळ बघत बसले. उचलण्याआधी ते माणसाला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगतात, कारण घाबरलेला माणूस दांड्याला धरतो आणि तोल तिकडे जातो. चढताना मागचे दोघं दांडा खांद्यावर घेतात आणि पुढचे खाली, हातात, म्हणजे खुर्ची सपाट राहते. ठरावीक पायरीवर न बोलता खांदा बदलतात. दुकानदारही त्या वेळी आपोआप बाजूला होतो. डोलीतल्या माणसाला बहुतेक वेळा संकोच वाटत असतो, खाली बघत बसतो. चौघांपैकी एक मग त्याला गावाबद्दल विचारतो. कुठले तुम्ही, पाऊस कसा झाला. गावाबद्दल बोलायला लागलं की माणूस मान वर करतो.

हे चौघं काय, कणसंवाली काय, गाइड काय, सगळे बेटावरचेच. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही इथली तीन गावं. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या गावांत संध्याकाळचे काही तास डिझेलचं जनित्र चालायचं आणि मग अंधार. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. गाइड तेव्हा चाळिशीत होता. अंधारात बघायची सवय आपल्याला तिथून लागली असं तो म्हणतो, आणि मला ते पटतं.

लेण्याकडे परत येते. मुख्य लेणं म्हणजे एकाच बेसॉल्टच्या डोंगरात खोदलेलं मंदिर. दगड बाहेरून आणलेला नाही, कुठं सांधा नाही. जे नको होतं ते काढून टाकलं आणि खांब, तुळया, देव शिल्लक राहिले. उजेड तीन बाजूंनी येतो: उत्तरेचं दार, पूर्वेचं अंगण, पश्चिमेचं अंगण. यातला बराच उजेड आधी जमिनीवर पडतो आणि मग मूर्तींवर खालून चढतो. म्हणून फोनचा दिवा समोरून मारला की चेहरा सपाट होतो. गाइडकडे विजेरी आहे, पण ती तो चेहऱ्यावर कधीच मारत नाही. कमरेखाली, भिंतीला चिकटून, बाजूनं धरतो आणि तीही फक्त छिन्नीच्या खुणा दाखवायला.

तर, आता वळा. लोक वळतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी काही क्षण कुणीच बोलत नाही. लोक जिला त्रिमूर्ती म्हणतात ती तीन पुरुष उंचीची महेशमूर्ती, तीही नुसती छातीपर्यंतच. मधला चेहरा पापण्या मिटून आत बघणारा, खालचा ओठ जाड, भरलेला. आपल्या डाव्या हाताला अघोर, मिशांचा, रागीट, हातात नाग. उजव्या हाताला कुरळ्या बटांचा, मोत्यांचा, हाती कमळ घेतलेला कोवळा चेहरा. गाइड हे सगळं सांगतो, पण आधी त्यांना जागेवरून हलवतो. डावीकडे चार पावलं, म्हणजे रागीट चेहरा पुढं येतो. उजवीकडे चार पावलं, तो गेला आणि कोवळा आला. मधला तेवढाच, तसाच. लोकांना त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश असं वाटत असतं. तो वाद घालत नाही. तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत हे त्यांनाच दोनदा इकडून तिकडे चालवून पटवतो.

लेणी कोणी खोदली हे विचारणारा एकजण तरी निघतोच. उत्तर द्यायला तो थोडा वेळ घेतो. इथं एक शिलालेख होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी तो दगड काढला, वाचून घ्यावा म्हणून पोर्तुगालला पाठवला आणि तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही. कृष्णराज या कलचुरी राजाची नाणी बेटावर बरीच सापडली आहेत, शिल्पांची घडणही त्याच काळाशी जुळते. म्हणून सहाव्या शतकाचा मध्य धरतात. बेटाचं एलिफंटा हे नावही पोर्तुगीजांचं, राजबंदराकडे उभ्या असलेल्या दगडी हत्तीवरून दिलेलं. तो हत्ती १८६४ साली इंग्रज इंग्लंडला न्यायला निघाले होते. उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले, जोडले, आणि आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. दुसऱ्या खेपेनंतर मी मुद्दाम त्याला बघायला गेले. सांधे स्पष्ट दिसतात. शेजारून शाळेची मुलं राणीच्या बागेतले जिवंत प्राणी बघायला पळत होती. घारापुरीत मात्र एलिफंटा हे नाव घरात कुणी घेत नाही.

मोडतोड लेण्यातही पुष्कळ आहे. पोर्तुगीज शिपायांनी इथं नेमबाजी केली असं सांगतात. पाण्यानंही झिजवलंय. उत्तर दाराजवळच्या नटराजाचे पाय गेलेत, बरेचसे हात गेलेत. गाइड इथं मुलांना पुढं घेतो. "पाय नाहीत. मग हा नाचतोय हे कशावरून?" मुलं कंबर बघतात, मान बघतात, एखादी मुलगी स्वतः तशी उभी राहून बघते आणि मग सांगते की एका पायावर भार आहे. गेलेला पाय कुठं होता हे तिला तिच्या स्वतःच्या पायावरून कळलेलं असतं. हे मी तीन वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा तो उत्तर स्वतः न देता थांबला.

माझं मन मात्र पश्चिमेकडच्या शिवपार्वतीच्या लग्नाशी रेंगाळतं. सकाळी ते अंधारात असतं, म्हणून तो तिथं दुपारनंतर नेतो, अंगणातला उजेड आत यायला लागला की. पार्वती वराच्या उजव्या हाताला उभी, मान किंचित खाली. तिचा हात हाती घेणारा शिवाचा हात तुटलाय. कोपऱ्यात ब्रह्मदेव भटजी होऊन बसलेत. तिच्या मागं एक पुरुष आहे, लेकीला पुढं करणारा हिमवान. तिसऱ्या खेपेला डोलीतून वर आलेल्या एक आजी होत्या, यवतमाळकडच्या. बाकीचे पुढच्या, अंधकासुराच्या शिल्पाकडे सरकले तरी त्या हलेनात. त्यांनी चपला बाहेरच काढल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. गाइडनं गटाला पुढं जाऊ दिलं आणि त्यांच्याशेजारी गप्प उभा राहिला. थोड्या वेळानं आजी म्हणाल्या, "बापाचा हात कुठाय?" त्यानं विजेरी खाली धरून पार्वतीच्या मागची जागा दाखवली. आजींनी मान डोलावली. नातू त्यांना हाक मारत होता, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

मला वाटतं, गाइडच्या कामाला आपण माहिती देणं समजतो, आणि त्याच तराजूत त्याला तोलतो. किती सन सांगितले, किती गोष्टी. जागतिक वारसा कधी झालं? १९८७. तेवढं पाटीवरही लिहिलंय. पाटीला करता येत नाही ते हे: कुठं उभं करायचं, कुठल्या वेळी कुणाला कुठं न्यायचं, आणि कुणापाशी गप्प राहायचं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी तो घरचं जाळं दुरुस्त करतो. लहानपणी गुरं घेऊन वरच्या तोफांच्या टेकडीवर जायचा, तिथल्या तोफेवर बसून बंदर बघायचा. आजही एखादा गट धडधाकट दिसला की त्यांना तिकडे पाठवतो, पण लेण्यानंतर. आधी वर गेलं तर डोळ्यात समुद्राचा लखलखाट भरतो आणि आत काही दिसत नाही.

चौथ्या खेपेला मी शेवटपर्यंत थांबले. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे दुपार कलली की सगळा डोंगर खाली वाहायला लागतो. दुकानदार ताडपत्र्या सोडतात, रखवालदार शिट्ट्या फुंकत खांबांमधून फिरतात. तेवढ्यात सोलापूरचं एक कुटुंब धापा टाकत आलं. लाँच चुकली होती, गर्दीत अडकले होते, धाकटा मुलगा रडवेला झालेला. रखवालदारानं घड्याळ दाखवलं: बारा मिनिटं. गाइडचं दिवसाचं काम तसं संपलं होतं. पिशवी खांद्याला होती. त्यानं ती खाली ठेवली.

"त्रिमूर्ती कुठंय तेवढं सांगा," मुलाचे वडील म्हणाले, "फोटो काढतो आणि निघतो."

"दाखवतो ना. आधी बसा."

ते बसले. उजेडाकडे पाठ, तोंडं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे. वडिलांची मान सारखी मागं वळत होती, आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर शिट्टी झाली. बारातलं एक मिनिट गेलं, मग दुसरं. मीही त्यांच्या मागं बसले होते आणि माझंच हृदय धडधडत होतं, आता वेळ संपणार म्हणून. मुलाचं रडणं थांबलं होतं. त्यानं हात लांब करून भिंतीकडे बोट केलं.

"रेघा आहेत तिथं," तो म्हणाला.

"आता वळा."